ऊन दाखवलेला स्पंज

माझी तीन वर्षं एका डब्यात मावत होती, आणि ती आईनं स्लॅबवर वाळत घातली.

डब्यात ओला स्पंज होता. स्पंजात डोळ्यांना न दिसणारे सूत्रकृमी, आणि प्रत्येकाच्या पोटात त्याचे जिवाणू. सोयाबीनची मुळं कुरतडणारी ती पांढरी गलेलठ्ठ हुमणी सापडली की कृमी तिच्यात शिरतो आणि पोटातले जिवाणू सोडतो. ते अळीला मारतात, मग कृमी लेकराबाळांसकट तिथंच जेवतो. दोघांपैकी एकट्याच्यानं काही होत नाही. मेलेली हुमणी विटेसारखी लाल होते. जानेफळजवळच्या आमच्याच शेतात, विहिरीकाठी, तशी पहिली अळी सापडली तेव्हा मी येड्यासारखी एकटीच हसले होते. विकतचे कृमी आमच्या मातीत टिकत नसत. हे इथलेच होते, इथले उन्हाळे काढलेले.

चिखलीला एका प्रयोगशाळेत मी कंत्राटावर होते, तिथं ते वाढवले. भर पावसाळ्यात कंत्राट संपलं, फ्रिज रिकामा करायला सांगितलं. शेवटचा डबा घरी आणून रांजणाखालच्या गारव्यात ठेवला. पिकात हुमणी दिसली की सोडणार होते.

आमच्या घरात डाळ असो, गोधडी असो, ओलसर लागलं की त्याला ऊन दाखवायचं. पावसानं उघडीप दिली त्या दिवशी मी मेहकरला गेले होते. आईनं घरातलं सगळं वर नेलं. डबा उघडला तर कुबट वास. तिनं स्पंज धुतला, घट्ट पिळला आणि दिवसभर उन्हात टाकला. मी आले तेव्हा डबासुद्धा घासून पालथा घातलेला होता.

मी जे बोलले ते लिहायची लाज वाटते. ती खाली मान घालून म्हणाली, "वलं होतं बाई, बुरशी लागली असती. मले काय माहीत त्यात जीव हाय?"

कसं माहीत असणार? तीन वर्षांत तिनं कितीदा विचारलं, आणि दर वेळी, तुले नाही समजणार, असं म्हणून मी मोकळी. शिकल्याचा माज, दुसरं काय.

तो स्पंज भिजवून पाणी सहा हुमण्यांवर ओतलं. आठवडा झाला तरी सहाही पांढऱ्याफटक, गाजराचे तुकडे खात बसलेल्या.

मग विहिरीकाठ. पण विहीर उन्हाळ्यातच खोल केलेली, काठावर हातभर मुरूम पडलेला. तरी खालच्या मातीत कृमी उरले असतील तर अळ्या लाल होतील, म्हणून मी जाळीत जिवंत हुमण्या बांधून तिथं पुरत राहिले. तेव्हा कुठं आईला सगळं सांगितलं, लाल अळीचंही. ती खुरपं घेऊन सोबत यायची. दर खेपेला अळ्या जिवंतच वर यायच्या.

शेवटच्या खेपेलाही तेच झालं. मी जाळी झटकून उठले.

"अजून एक डाव पाहू का वं?" आईनं विचारलं.

"नको, आई. संपलं सारं."

तिनं ऐकून घेतलं, आणि खुरपं बाजूला ठेवून हातानंच मुरूम उकरत राहिली.