आवडाबाई आधी जेवल्या

पुंडलिकनगरच्या अंगणवाडीतल्या मदतनीस आवडाबाई दहावीला दोन मार्कांनी नापास झाल्या, तेही फक्त इंग्रजीत. ही बातमी त्या घरी पोचायच्या आत गल्लीभर झाली होती. दहावी निघाली असती तर त्या सेविका होणार होत्या. खिचडीची पातेली घासून हात झिजलेले. आता बाईंना खुर्ची हवी होती. बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म त्यांनी पुन्हा भरला आणि शेजारच्या उमाताईंकडं शिकवणी लावली.

"चुकलं कुठं?" उमाताईंनी विचारलं.

"नवरा घरी यायच्या आधी मी जेवले होते, असं इंग्रजीत लिहायचं होतं. मी लिहिलं, आय हॅड नॉट ईटन."

"त्यात नॉट कुठून आणलं?"

"घरून! बावीस वर्सांत त्यांच्या आधी मी कवा जेवलेच नाय."

"अहो, पेपरातली बाई वेगळी!"

"मी लिहिलं म्हंजी मीच की. खोटं कसं लिहू, ताई? तपासणारा काय म्हणंल मला?"

उमाताईंनी कपाळाला हात लावला. जाणं, येणं, धुणं, रांधणं, सगळ्यांना बाई बिनचूक 'हॅड' लावायच्या. जेवण आलं की पेन अडायचं.

शेवटी प्रकरण नवऱ्याकडं गेलं. रामकिसन रिक्षा चालवतो. बोलायला कमी, खायला जास्त. पेपरच्या आदल्या दिवशी दुपारी एकला तो जेवायला आला आणि फाटकाबाहेरच थांबला.

"आवडे, तू जेव. मंग मी आत येतो."

"येडे झाले का? लोक बघायलेत!"

"बघू दे. मला बायको पास पायजे."

गल्ली खरंच बघत होती. अशी फुकटची मजा कोण सोडतं? पहिला घास बाईंनी फाटकाकडं बघत खाल्ला. दुसरा ताटाकडं बघत. तव्यावरची गरम भाकर अशी लागते, हे त्यांना त्या दिवशी कळलं. मग त्यांनी आणखी एक घेतली.

बाहेरून हॉर्न वाजला. "झालं का?"

"थांबा की जरा! ठेचा राहिलाय."

दुसऱ्या दिवशी बाईंनी पेपर छाती काढून लिहिला. त्रेचाळीस मार्क पडले. आता त्या सेविका आहेत, खुर्चीत बसतात.

रामकिसन अजून दुपारी एक वाजताच जेवायला येतो. "जेवलीस?"

"कवाच!"

आणि तो बिचारा आपली भाकर आपणच गरम करतो.