सनई आणि ढोलकीची हद्द

निरगुडसरला हळदीच्या कार्यक्रमात आमच्या बँड पार्टीचा सनईवाला आलाच नाही. पार्टीचे मालक मला म्हणाले, “बाई, जमत नसंल तर सांगा, दुसरा गडी बोलावतो.”

मी कीबोर्डच्या डाव्या पट्ट्यांवर ढोलकी आणि उजव्या पट्ट्यांवर सनई लावली. पण गायकाने नेहमीचा काळी चारचा सूर सोडून बराच खालचा, पांढरी एकचा सूर धरला. सनई वाजवताना बोटं डावीकडे खालच्या सुरांवर उतरली की मधेच ढोलकी वाजायची.

“सनईला उचकी लागली राव!” मांडवातून कोणीतरी ओरडलं.

कडवं संपताच मी दोन्ही आवाजांमधली हद्द सहा पट्ट्या खाली सरकवली. पुढच्या गाण्याआधी गायकालाच विचारलं, “सगळ्यात खाली कुठवर उतरणार?”

“ताई, हे मला आजवर कुणी इचारलं न्हाई,” तो म्हणाला आणि त्याने सूर लावून दाखवला.

मालकांना दुसरा गडी बोलवावा लागला नाही; त्या पार्टीत मी पुढे नऊ वर्षं वाजवलं.