विमलताईंचा एका मागणीचा अर्ज

विमलताई गजभिये यांची आणि माझी ओळख झाली ती भांडणातून, आणि ते भांडण मीच काढलं होतं. वीसेक वर्षं झाली असतील. नरखेड तालुक्यातली शाळा सोडून मी बदलीवर नागपुरात आलो आणि उत्तर नागपुरातल्या या वस्तीत भाड्याने राहू लागलो. दुसऱ्याच आठवड्यात दहा-बारा बायका दारात उभ्या. पुढे विमलताई. तेव्हा त्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. म्हणाल्या, "सर, तुमचं अक्षर चांगलं आहे म्हणतात. अर्ज लिहून द्या." मी शाळेतून वैतागून आलेलो. म्हटलं, मी मास्तर आहे, अर्ज लिहिणारा नाही. ताई जराही रागावल्या नाहीत. "मास्तर आहे म्हणूनच आलो ना जी. तुमी चहा पिऊन घ्या, आमी थांबतो," म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या. काय करणार? लिहिला अर्ज. तेव्हापासून लिहीतच आहे.

ताईंचं काम ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. शहराचं अंदाजपत्रक तयार होण्याआधी, थंडीच्या दिवसांत, ताई वस्तीतल्या बायकांना घेऊन गल्ली न् गल्ली फिरतात. मग बुद्धविहारासमोर बैठक बसते. कुणाला प्रवेशद्वार हवं असतं, कुणाला सभामंडप, कुणाला पथदिवे. भांडणं होतात, रुसवेफुगवे होतात. शेवटी सगळ्यांनी मिळून एकच मागणी ठरवायची आणि अर्जात तेवढीच लिहायची, हा ताईंचा दंडक. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "दोन लिहिल्या का ते सोपीवाली उचलतात सर, अन् कठीणवाली आपल्याच हाती राहते." शहराचा पैसा लोकांच्या गरजेवर जास्त खर्च व्हावा, असं भाषणात सगळेच म्हणतात. गरज कोणती ते लोकांनी आधी आपसात ठरवावं, एवढा कुटाणा ताईंशिवाय कुणी केलेला मी पाहिला नाही.

त्यांची चिकाटी कार्यालयातल्या लोकांना चांगली ठाऊक आहे. एकदा त्या सांडपाण्याच्या लाइनसाठी गेल्या, तर एक साहेब म्हणाले, "बाई, सुशोभीकरणाला निधी आहे, गडरलाइनला यंदा नाही." ताई म्हणाल्या, "काहून नाही, ते लिहून द्या साहेब. मले वस्तीत जाऊन सांगावं लागते." साहेबांनी लिहून दिलं नाही. ताई दुसऱ्या दिवशी गेल्या, तिसऱ्या दिवशी गेल्या. चौथ्या दिवशी साहेबांनी दोन ओळी लिहून दिल्या. त्या ताईंनी बैठकीत मोठ्याने वाचून दाखवल्या. नकार तर नकार, पण वस्तीला तो कळायला हवा, असं त्यांचं म्हणणं.

आता माझी चूक सांगतो. ताईंच्या या गौरवग्रंथात ती शोभत नाही, पण सांगितल्याशिवाय ताई कळायच्या नाहीत. मागच्या गल्लीत गडरलाइन नव्हती. पावसाळ्यात घाण पाणी घरांत शिरायचं. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या पंचफुलाबाई चूल खाटेवर मांडून स्वयंपाक करायच्या. एका वर्षी बैठकीत एकमुखाने गडरलाइन ठरली. पण मैदानावर बसणारे आमचे दोस्त मागे लागले, आणि मी शहाणपणा करून अर्जाच्या तळाशी एक ओळ जोडली: 'तसेच शक्य झाल्यास मैदानात बाक बसवावेत.' ताईंनी विश्वासाने न वाचता सही केली. अंदाजपत्रकात बाक मंजूर झाले. गडरलाइन पुढच्या वर्षावर गेली.

बैठकीत पंचफुलाबाई उभ्या राहिल्या. "ताई, मी बाकावर चूल मांडू का वं?" एवढंच बोलल्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी उठणार, तेवढ्यात ताई म्हणाल्या, "सही माझी आहे. न वाचता केली, चूक माझी आहे." मग त्या मागच्या गल्लीत घरोघरी गेल्या आणि माफी मागितली. मी मागे मागे, मान खाली घालून. परतताना मला एवढंच म्हणाल्या, "सर, घरी जाऊन जेवा आता." त्यानंतर तो विषय त्यांनी आजपर्यंत काढलेला नाही. माझ्या पत्नीचं ऑपरेशन झालं तेव्हा त्या रोज डबा घेऊन दवाखान्यात यायच्या, तेव्हाही नाही. लोक विसरतात म्हणून माफ करतात. ताई काही विसरलेल्या नाहीत, हे मला पक्कं ठाऊक आहे.

खरं सांगू? मी थकलो आहे. तेच जिने, त्याच खुर्च्या, तेच 'बघू, करू'. आमच्या एका ओळीने गडरलाइन एक वर्ष मागे गेली ती पुढे आणायला आम्हाला सहा वर्षं लागली. आणि मंजूर झाली तीही अर्ध्या गल्लीपुरती. दोन्ही टोकांना मुख्य लाइन होती, म्हणून इंजिनीअरने विचारलं, खोदकाम कोणत्या बाजूने सुरू करू? सगळ्यांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी पंचफुलाबाईंच्या दाराकडे बोट दाखवलं. पंचफुलाबाईंनी चूल खाली घेतली त्या दिवशी गल्लीत जिलेबी वाटली.

त्या गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, उरलेल्या अर्ध्यात, स्वतः विमलताई राहतात. हे इंजिनीअरला ठाऊक नव्हतं. आम्हाला ठाऊक होतं, आणि आम्ही कुणीही तोंड उघडलं नाही. गेल्या पावसाळ्यात मी सहज डोकावलो, तर पंचाहत्तरीला टेकलेल्या ताई गुडघ्यापर्यंत लुगडं खोचून दारातलं पाणी बादलीने उपसत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "या सर, बसा. जागा जराशी ओली आहे." यंदाच्या बैठकीत मी त्यांच्या गल्लीचं नाव काढलं, तर म्हणाल्या, "माझ्या घराचं मी कशी मांडू जी? पोरींच्या शाळेत संडास नाही, ते लिहा." तेच लिहिलं.

ताईंना उदंड आयुष्य लाभो असं या जागी लिहायचं असतं. लिहितो, मनापासून लिहितो. ताई, शंभर वर्षं जगा, गुडघे धड राहोत, डोळे शाबूत राहोत. पण पुढच्या बैठकीत तुम्ही गप्प बसायचं. तुमच्या दाराची मागणी आम्ही मांडणार आहोत, आणि त्या अर्जावर तुमची सही घेणार नाही.