चोवीस जणींचे पाचपैकी पाच

“चोवीस फॉर्म आणि चोवीस जणींचं एकच मत? अहो मॅडम, एवढं एकमत तर नवरा-बायकोचंही नसतं!”

पुण्याहून आमचे प्रोजेक्ट मॅनेजर केळकर सर फोनवर बोलत होते. मी चंद्रपूरला घरात कूलरसमोर बसले होते. मे महिना होता, तरी त्यांचं बोलणं ऐकून जास्त तापले.

“नायक पाच, नायिका पाच, कथा पाच, गाणी पाच. त्या चार भागांत गाणं एकच आहे, तेही इंग्रजीत. आणि चोवीसच्या चोवीस मुलाखतींचं लोकेशन एकच. घरी बसून फॉर्म भरलेत हो तुमच्या सुनंदानं.”

“जाऊन बघते,” म्हटलं.

“बघा. सोमवारपर्यंत. नाहीतर तिचं नाव ब्लॅकलिस्टला जाईल.”

मी सर्व्हे सुपरवायझर आहे. लोकांची मतं गोळा करून कंपन्यांना द्यायची, हा आमचा धंदा. साबणापासून सिनेमापर्यंत सगळ्यावर मतं लागतात. या खेपेला एक मालिका होती. परदेशातलं एक शहर, तीन मराठी जोडपी, आणि प्रत्येकाचं प्रेम दुसऱ्याच्या घरात अडकलेलं. टीव्हीवर लावण्याआधी ती गावाकडच्या बायकांना दाखवून मत विचारायचं होतं. टॅबवर चार भाग दाखवायचे आणि मग प्रत्येक गोष्टीला पाचपैकी मार्क मागायचे.

सगळ्या उत्तरांना एकच आकडा पडला, की आम्ही त्याला स्ट्रेट-लायनिंग म्हणतो. फॉर्म भरणाऱ्यानं बोट सरळ खाली ओढत नेलं असा त्याचा अर्थ. मग सुपरवायझरनं त्याच लोकांना परत भेटून खातरजमा करायची. तो बॅक-चेक. त्यात चोरी सापडली तर त्या माणसाला जिल्ह्यात कुठलीच एजन्सी काम देत नाही.

सुनंदाला या कामात मीच आणलं होतं. मूल या तालुक्याच्या गावची पोरगी, बारावी शिकलेली, लग्नाला सहा वर्षं झालेली. घराबाहेर पडायला तिला वर्षभर भांडावं लागलं होतं. ब्लॅकलिस्ट झाली असती तर सासरच्यांनी “सांगत होतो ना?” म्हणून दाराला कडी घातली असती. ती मला मूलच्या स्टँडवर भेटली. डोळे सुजलेले होते.

“मॅडम, आईच्यान सांगतो, मी घरी बसून नाई भरले.”

“मग सगळ्या एकाच जागी कशा? प्रत्येकीला तिच्या घरी, एकटीला भेटायचं, असं सांगितलं होतं ना?”

“गावात रेंज फक्त कमलाबाईच्या ओसरीत येते. व्हिडिओ चालनार कसा? तीन दिवस आठ-आठ जणी तिथीच बसवल्या.”

“आणि पाच?”

“त्या पाचच म्हनत. मी तीन-तीनदा इचारलं.”

खरं सांगते, माझा विश्वास बसला नाही. वीस वर्षांत इतकं गोड मत मी कुठल्याच गावातून आणलेलं नाही. बॅक-चेकला मुलाखत घेणारीनं सोबत यायचं नसतं, म्हणून तिला तिथेच ठेवून मी कमलाबाईंच्या गावाला ऑटो केला. ऑटोवाल्यानं आधीच बजावलं, “चार वाजता निघाचं बाई. जंगलाचा रस्ता हाय, वाघ फिरून राह्यला.”

कमलाबाईंची ओसरी तेंदूपत्त्यानं भरली होती. बायका पहाटे जंगलात जाऊन पानं तोडतात, दुपारी बसून पुडे बांधतात आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं घेण्याच्या जागी, नेऊन देतात. आठ जणी बसल्या होत्या. कमलाबाई साठीच्या, आवाज पाटलिणीसारखा. मला पाणी दिलं, गूळ दिला, बसायला बाज टाकली.

मी टॅब काढला. “सुनंदा आली होती?”

“आली होती ना! लय चांगली पोरगी.”

“मालिका कशी वाटली? पाचपैकी किती?”

“पाच,” आठही जणी एकदम म्हणाल्या. शाळेत पाढा म्हणतात तसं.

“नायक?”

“पाच.”

“त्याचं नाव काय होतं?”

सगळ्यांच्या माना पानांत गेल्या. मी टॅब मिटला. पोरीनं मला तोंडघशी पाडलं असं वाटून मनातल्या मनात तिला चार शिव्या घातल्या. तेवढ्यात कमलाबाईंनी हातातला पुडा खाली ठेवला.

“तिले मार्क कमी पडले का बाई? म्हनून आल्या का तुमी?”

“कुणाला?”

“सुनंदाले. आमी तं पूरे देल्ले. अजून द्याले लागतात का?”

मग सगळा उलगडा झाला. मागे कधीतरी साहेब लोक येऊन अंगणवाडीबद्दल विचारून गेले होते. कुणीतरी सहज म्हणालं, खिचडीत मीठ कमी असते. सेविकेला मेमो आला, बिचारी दोन दिवस रडली. तेव्हापासून गावानं ठरवून टाकलं होतं. बाहेरून कोणी कागद नाहीतर मशीन घेऊन आलं आणि मार्क मागितले, की पुरे द्यायचे. मार्क कशाचेही म्हणोत, पडतात ते गरीब पोरीवरच.

“अवो, तुमच्या या पाचांनीच तिचं काम जाऊन राह्यलं!” मी ओरडलेच. “साहेब म्हणतात तिनं खोटे फॉर्म भरले.”

करायला गेल्या गणपती अन् झाला मारुती. कमलाबाईंनी कपाळाला हात लावला. “अगं माय! मंग आता का कराचं?”

“खरं बोलायचं. मार्क सुनंदाचे नाहीत, त्या परदेशातल्या लोकांचे आहेत. त्यांना मेमो येत नाही.”

तरी सगळ्या माझ्या हातातल्या टॅबकडेच बघत राहिल्या. वैतागून मी तो बाजूला ठेवला, खाली बसले आणि पानं ओढून घेतली. एका पुड्याला सत्तर पानं. मी मोजू लागले. विचारून मोबाईलचं रेकॉर्डिंग लावलं आणि फोन पानांच्या पाटीआड ठेवला. पहिला पुडा बांधून होईस्तोवर सुरुवात झाली.

“ते निळ्या कोटाचं पोरगं,” एकजण खाली बघूनच म्हणाली, “त्याचं लफडं बायकोच्या मैत्रिनीसंग. अन् मैत्रिनीचा नवरा हिच्या मांगं. मंग भांडन कशाचं? अदलाबदल करून टाकाची.”

“ऑफिसात जाते तं कॉफी पेते, घरी येते तं रडते. काम कवा करते ते?”

“लगन मोडलं तं ना माय आली, ना शेजारीन आली,” कमलाबाई म्हणाल्या. “आपल्या इथी असं झालं असतं, तं सांजेपर्यंत मूलच्या बाजारात बोंब झाली असती. एवढं मोठं दुःख, अन् कोनाले मालूमच नाई! मले तं तिची कीव आली बाई.”

“वडश्याच्या झाडीपट्टी नाटकात असलं लफडं तीन अंकात निपटते. इथी चार भाग झाले, अजून गाठ सुटून नाई राह्यली.”

हसून हसून पुरेवाट झाली. मग मार्क मागितले. नायकाला एक, कथेला दोन, घराला चार, कारण भिंती छान रंगवल्या होत्या.

कोपऱ्यात रंजना होती. नवीन सून, तोवर ‘पाच’ सोडून एक शब्द बोलली नव्हती. मीच विचारलं, “तुला काहीच आवडलं नाही?”

“एक आवडलं,” ती हळूच म्हणाली. “तिसऱ्या भागात ते बाई नवऱ्याले सोडून रेल्वेत बसते. एकटीच. कुठी चाल्ली म्हनून कोनी इचारत नाई. ते मी दोनदा पाह्यलं. तेवढ्याचे पाच लिवा.”

मला सुनंदा आठवली, स्टँडवर बसलेली. मी पाच लिहिले.

दुसऱ्या दिवशी परत जाऊन उरलेल्या सोळा जणींना गाठलं. त्याही पानं बांधतच बोलल्या. सगळं रेकॉर्डिंग सरांना पाठवलं. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

“मॅडम, हे सोनं आहे! आधी का नाही पाठवलं?”

“आधी मार्क मागितले होते तुम्ही.”

“बरं, बरं. जुने फॉर्म रद्द. सुनंदाला वॉर्निंग, एकत्र बसवल्याबद्दल. काम चालू ठेवा म्हणावं.”

सुनंदाला सांगितलं तेव्हा ती फोनवरच रडली. मग म्हणाली, “मॅडम, पुढच्या खेपेले मी पन पानंच बांधतो.” मालिका काही महिन्यांनी लागली. पाचव्या भागात नायिकेची आई विमानानं येऊन पोहोचते. कमलाबाईंना पटलं असेल.

या धंद्यातला माझा धडा एवढाच. आकडा मागितला तर माणूस आकडा देतो, मत हवं असेल तर त्याच्या कामाला हात लावावा लागतो. मोठी अक्कल मिळाली म्हणून मी महिनाभर ताठ होते.

मग माझी तपासणी झाली. सुपरवायझर खरंच गावात गेली होती का, कशी वागली, हे पुण्याचं ऑफिस थेट फोन करून विचारतं. त्यांनी कमलाबाईंना फोन लावला. सरांनी मला ते ऐकवलं.

“बाई सभावानं चांगली हाय,” कमलाबाईंचा खणखणीत आवाज. “पन पानं मोजता येत नाई. सत्तरच्या जागी साठ घातले, त्यातही फाटके. आमाले सारे पुडे सोडून पुन्ना बांधा लागले. दोन मार्क लिवा. खरं सांगा म्हनून तिनंच सांगतलं होतं.”

“हा फॉर्म खरा आहे ना हो मॅडम?” सरांनी विचारलं.

“अगदी खरा,” म्हटलं. “पास करा.”