साहेब येणार म्हणून

केवळाबाईच्या घरी कुणी येणार म्हटलं की आधी केरसुणी हलायची. पाहुणा असो, मीटर बघणारा असो, नाहीतर चुकून पत्ता विचारायला आलेला माणूस असो. त्याच्या नजरेला घरातलं वाकडं म्हणून काही पडता कामा नये. या सवयीपायी तिनं एकदा हातातली सरकारी मदत घालवली होती, आणि नवरा शेषेराव तिला ते सणावाराला न चुकता ऐकवायचा.

भूकंपाच्या साली ती नवी नवरी होती. रेणापूरजवळच्या त्यांच्या गावात घरं पडली नाहीत, पण भिंती उभ्या फाटल्या. पंचनाम्याला तलाठी येणार असं कळल्यावर सगळं गाव आपापल्या भेगा दाखवायला सज्ज होऊन बसलं. केवळाबाईनं मात्र पांढऱ्या मातीनं घर आतून-बाहेरून लिंपून काढलं आणि दारात रांगोळी घातली. तलाठ्यानं चहा घेतला, घराचं तोंडभर कौतुक केलं आणि कागदावर ‘किरकोळ नुकसान’ लिहून तो निघून गेला. शेजाऱ्यांना मदत मिळाली, शेषेरावाला कौतुक मिळालं. पुढच्या पावसाळ्यात मागची भिंत बसली.

पुढं लातुरात शिकवण्यांचं पेव फुटलं. केवळाबाईनं शहरात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि क्लासच्या पोरांसाठी मेस काढली. शेषेराव शेताकडं जाऊन-येऊन असायचा. मेसमध्ये वरणभाताबरोबर दोन्ही वेळा टक्के वाढले जायचे. ब्याण्णव पडले म्हणून पदर डोळ्यांना लावणारी आई केवळाबाईनं पोळ्या लाटता लाटता बघितली होती. या गावात जे काही मिळतं ते परीक्षा चांगली देऊन मिळतं, एवढं तिच्या मनात पक्कं बसलं होतं.

तिची एकुलती एक लेक वर्षाराणी चौथीत होती. पोरगी बोलायला उशिरा लागली होती, आणि आज ओळखलेलं अक्षर उद्या तिला परकं व्हायचं. पण मेसमध्ये कुणाला वांगं चालत नाही आणि कुणाला पोळी कडक लागते, हे तिला कधी सांगावं लागलं नाही. एके दिवशी हेडमास्तर पंचाक्षरी सरांनी केवळाबाईला शाळेत बोलावून घेतलं.

“पोरगी गुणाची आहे, बाई. पण वर्गात एवढी पोरं, मास्तर एक. सरकारी दवाखान्यात तपासणी करून अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणा. चाळीस टक्के किंवा जास्त निघालं की तिच्यासाठी विशेष शिक्षिका येतील, मदतनीस भत्ता मिळेल. नाहीतर पाचवीत ती नुसती मागच्या बाकावर बसून राहील.”

तपासणी आहे, साहेब तपासणार आहेत, हे ऐकल्यावर केवळाबाईला पुढचं काही ऐकायची गरजच उरली नाही. घरी येताच तिनं यज्ञेशला गाठलं. यज्ञेश म्हणजे मेसमध्ये जेवणारा, नांदेडच्या वकिलाचा मुलगा. बारावी दुसऱ्यांदा देत होता आणि परीक्षा म्हटलं की त्याच्या अंगात यायचं. तो सायकल घेऊन थेट दवाखान्याच्या फाटकावर गेला, बाहेर पडणाऱ्या पालकांना एकेक करून अडवलं आणि प्रश्न गोळा करून आणले.

“मावशी, तपासणी दर बुधवारी असते. प्रश्न तेच, क्रमही तोच. आपण हिची सराव परीक्षाच घेऊ.”

मग काय विचारता. ताटावर बसलेली पोरं आमटी ओरपता ओरपता वर्षाला विचारायची, नाव काय, वार कोणता, गाईला पाय किती, घराला आग लागली तर काय करशील. वर्षाला एवढी माणसं आपल्याशी बोलताहेत याचाच आनंद. तिनं सगळं क्रमानं पाठ केलं. तपासणीच्या दिवशी दारापर्यंत रांग होती, डॉक्टर घाईत होते, आणि वर्षानं शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं तर ते विचारायच्या आधीच देऊन टाकली. डॉक्टर हसून म्हणाले, “चुणचुणीत आहे की.” आणि त्यांनी तीस टक्के लिहिले.

पंचाक्षरी सरांनी कागद बघून कपाळाला हात लावला. यात काहीच मिळत नाही, हे त्यांनी केवळाबाईला सावकाश समजावलं. घरी शेषेराव आला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि डोक्याची टोपी काढून मांडीवर ठेवली.

“पुन्यांदा लिंपलंस गं तू,” तो म्हणाला.

केवळाबाई त्या दिवशी जेवली नाही. मागं भिंत गेली होती. आता पोरीचं वर्ष जाणार होतं.

सरांनी खटपट करून फेरतपासणी मिळवली. या वेळी केवळाबाईनं पोरांना सक्त ताकीद दिली की वर्षाला काही विचारायचं नाही. खोलीत डॉक्टर तेच होते, पण आज त्यांना सवड होती आणि त्यांनी शेवटापासून सुरुवात केली.

“घराला आग लागली तर काय करशील?”

“वर्षाराणी,” वर्षा आत्मविश्वासानं म्हणाली.

“गाईला पाय किती?”

“बुधवार.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “हिला कुणी शिकवलं होतं?” सोबत आलेला यज्ञेश एकाएकी छताचा पंखा न्याहाळायला लागला.

“आई, आता तुम्ही सांगा. घरी हिला काय काय जमतं?”

समदं जमतं हो, हे केवळाबाईच्या अगदी जिभेवर आलं होतं. तिनं लेकीकडं बघितलं. घाईत वर्षानं स्वतःच वरखाली लावलेल्या बटणांमुळं फ्रॉक एका बाजूला वर चढला होता. केवळाबाईचा हात सवयीनं तिकडं गेला, आणि तिनं तो मागं घेतला.

“बटन नीट लावता येत न्हाई, सायेब. रोज मी लावते. वेणी मी घालते. पैसे कळत न्हाईत तिला. एकलीला रस्ता सापडत न्हाई. वहीतला अभ्यास बी मीच लिहिते, डाव्या हातानं. तिचं अक्षर वाटावं म्हणून.”

एवढं बोलून ती ढसाढसा रडली. लेकीला काय येत नाही हे चारचौघांत सांगणं म्हणजे लेकीला कमीपणा आणणं, असं तिला इतकी वर्षं वाटत आलं होतं. सांगून झाल्यावर मात्र तिला लई हलकं वाटलं. वर्षानं आपल्या फ्रॉकनं तिचं नाक पुसलं.

प्रमाणपत्रावर पंचावन्न टक्के आले. शेषेराव रेणापूरहून पेढे घेऊन आला. पेढे कशाचे, हे लोकांना कसं सांगावं ते त्यालाही कळेना, पण त्यानं वाटले.

विशेष शिक्षिका नीलम्माबाई मूळच्या उदगीरकडच्या. शाळेत शिकवणी सुरू करण्याआधी त्या मुलीला घरी भेटायला येणार होत्या. केवळाबाईनं पहाटेच घर झाडलं, ओटा धुतला, वर्षाची वेणी घातली, नवा फ्रॉक घालून बटणं नीट लावली. दारात चपला वाजल्या, तशी ती थबकली. मग तिनं वर्षाची सगळी बटणं पुन्हा सोडली.

“लाव तूच,” ती म्हणाली. “चुकलं तर चुकू दे. बाईंना बघायचंय.”