हातचे राहिले ओट्यावर

कांद्याच्या दुकानात फोलकटं आणि किस्से यांना तोटा नसतो. सकाळी झाडून काढावं, तर संध्याकाळी कोपऱ्यात पुन्हा ढीग! फरक एवढाच, फोलकटं फुकट दिली तरी कोणी नेत नाही. किस्से मात्र लोक मागून नेतात.

पन्नास सालानंतरची गोष्ट. पिंपरी तेव्हा खेडंच. माझं भुसाराचं आणि कांद्याचं दुकान होतं, कांदा चाकणच्या बाजारातून आणायचो. गावच्या जमिनी कंपनीसाठी गेल्या आणि बातमी आली, की ज्यांची जमीन गेली त्यांना कंपनीत नोकरी. फक्त एक टेस्ट! मोठ्या आकड्याला एका अंकानं गुणायचं. चौथीतलं गणित. पण टेस्ट देणारे सगळे चाळिशीतले गडी. शाळेची पायरी चढायचे, ती फक्त तिथं लग्नाची पंगत असली तर.

माझी स्वतःची शाळा तिसरीत सुटली, पुढचं सगळं तराजूनं शिकवलं. तरी मंडळी पाट्या घेऊन माझ्याच ओट्यावर हजर. "शेठ, कंपनी गुनाकार मागती. तुमीच शिकवा!"

हो म्हटलं, आणि फसलो.

*

पहिल्या दिवशी बजावलं, उजवीकडून सुरू करायचं. आधी एकक, मग दशक, मग शतक. बाबू पैलवानानं सरळ डावीकडच्या हजारालाच हात घातला.

"बाबू, एकक आधी!"

"ते धाकलं हाय, शेठ. पंगतीत थोरला बसल्याला आसताना धाकल्याला आदी वाढत्यात व्हय?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. बाबूचं म्हणणं सगळ्यांना पटलं होतं, माझं कोणालाच नाही. मी दुकानाच्या फळ्या लावून टाकल्या.

*

मग आला हातचा. बत्तीस आले तर दोन लिहायचे, तीन हातचे. विसरू नयेत म्हणून मी म्हटलं, "डाव्या हाताची तीन बोटं उभी धरा." सगळ्यांनी धरली. सगळे जणू आशीर्वाद देणारे देव, ओटा कसा देवळासारखा दिसायला लागला!

तेवढ्यात समोरून म्हातारे पाटील आले. पाटील दिसल्यावर राम राम न घालणारा माणूस आमच्या गावात जन्मला नव्हता. पाट्या खाली ठेवून सगळ्यांनी हात जोडले. "राम राम, पाटील!"

पाटील गेले. हातचेही गेले.

"किती होते रे?" मी विचारलं. एकालाही आठवेना. ज्ञानोबा म्हणून एक गडी होता, सगळ्यांत शांत आणि सगळ्यांत चिवट. तो हळूच म्हणाला, "शेठ, पाटलास्नी इचारून येऊ का? त्यांनी बगितलं आसंल."

*

शून्यानं तर माझा जीव घेतला. "शून्याला सातानं गुणलं तर शून्यच," मी सांगितलं.

बाबू पैलवान खवळला. "आसं कसं? जमिनीपायी कचेरीत सात येळा गेलो. सातही येळा हात हलवत आलो. तरी चपला झिजल्या का न्हाई? कायतरी तर लिवा तिथं!"

मी पाणी प्यालो.

*

शेवटी शाळेतल्या गुरुजींना हात जोडून घेऊन आलो. त्यांनी हिशेब घातला, बाबूचा चुकला. गुरुजींच्या तोंडून सवयीनं निघालं, "हात पुढे कर!" बाबूनंही गुमान हात पुढे केला. आखाड्यात माती कालवून दगड झालेला तो तळवा! पहिल्याच तडाख्याला छडीचे दोन तुकडे.

"मारा की गुरुजी," बाबू म्हणाला, "आजून उत्तर याद न्हाई आलं."

गुरुजींनी तुकडे गोळा केले आणि मला म्हणाले, "शेठ, माझ्याकडे होतं ते शिक्षण एवढंच." आणि निघून गेले.

*

ज्ञानोबाच्या गाडीला मात्र चाक लागलं. एके दिवशी त्याची बायको सारजाबाई मीठ न्यायला आली आणि माझ्यावरच घसरली.

"शेठ, माणसाला काय केलं वो? जेवायला बसलं की म्हनत्यात, ताटात दोन भाकरी, हातची एक!"

मी हसलो. ती हसली नाही. पदर सावरत म्हणाली, "शिकवा मातर नीट. नोकरी लागली तर घर ऱ्हाईल. न्हाईतर बैलं इकून माज्या भावाच्या दारात जाऊन पडायचं. त्यांना ते सोसायचं न्हाई."

त्या दिवसापासून मी ज्ञानोबाला पाटी पुसूच देईना. आणखी एक, आणखी एक. हळूहळू त्याचं चुकणं थांबलं. एकक आधी, हातचा डोक्यात, शून्याला शून्य. माझ्या ओट्यावरचा एकुलता एक हुशार विद्यार्थी!

*

टेस्टच्या दिवशी मी दुकान बंद ठेवून कंपनीच्या गेटवर गेलो. एकेक जण बाहेर येत होता, मान हलवत होता. बाबू तर आत गेला तसाच बाहेर आला. मी म्हटलं, असू दे, आपला ज्ञानोबा आहे.

थोड्या वेळानं कारकूनच कागद नाचवत गेटवर आला, मागून ज्ञानोबा. "याला शिकवणारे शेठ तुम्हीच ना? सोपा हिशेब घातला होता. एका शेतात चार हजार सहाशे अठ्ठ्याहत्तर रोपं, तर अशा सात शेतांत किती? यानं काय लिहिलंय बघा!"

मी पाहिलं. नऊ हजार तीनशे छप्पन्न. अक्षर वळणदार, हातचे सगळे जागच्या जागी.

"सातानं गुणायचं सोडून यानं दोनानं गुणलंय!" कारकून ओरडला. "अरे, सात शेतं सांगितली होती ना तुला?"

"व्हय सायेब, सातच हुती आमची," ज्ञानोबा म्हणाला आणि गेटच्या आत बोट दाखवलं. "त्यातली पाच तर तुमच्या कंपाउंडात हायती. मग कितीनं गुनू?"