चंद्रकला डॉट इन

माझा शहाणपणा दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून कळण्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. चहा घ्या, तोवर सांगते.

उपवास म्हणजे माझं माहेरच. आमच्या सुरतेच्या गोडादऱ्यात कुणाचंही व्रत असो, भाजणी माझी, राजगिऱ्याचे लाडू माझे. शेवटी लेक म्हणाली, "मम्मी, वेबसाइट काढूया. नाव काय ठेवू?"

"सुरत फराळ!" आमचे हे पेपरामागून म्हणाले. "काय मिळतं ते लोकांना कळायला नको?"

"मुळीच नाही. माझं नाव ठेव. चंद्रकला!"

"ही कोण?" ह्यांनी पेपर खाली घेतला.

बघा! लग्नात ह्यांनीच ताटातल्या तांदळांवर अंगठीने 'स्मिता' लिहिलं, आणि आईबापांनी ठेवलेली चंद्रकला त्या तांदळांबरोबर डब्यात गेली. आता मात्र मी हट्टालाच पेटले. "लाडू मी वळायचे आणि नाव सुरतचं? हात चंद्रकलेचे आहेत!"

झाली साइट. पहिली ऑर्डर येईपर्यंत गोड खाणार नाही, असं मी गणपतीला बोलले. लाडूवालीनेच गोड सोडलं, आहे की नाही?

बरेच दिवस शुकशुकाट. मग एका सकाळी फोन वाजला.

"चंद्रकलाबेन छे?"

"ना भाई, राँग नंबर."

पुन्हा तोच! "चंद्रकलाबेन…"

"कह्युं ने, एवुं कोई नथी अहीं!" ठेवलाच फोन.

दुपारी खाली एक गृहस्थ स्कूटर लावून वॉचमनशी हुज्जत घालत होते. मी पडले परोपकारी! गॅलरीतून विचारलं, "कोनुं काम छे?"

"चंद्रकलाबेननुं! घेर पूजा छे, लाडू जोईए!"

"सामेनी विंगमां पूछो!"

आत येऊन मी हळहळले, "अहो, कोण बिचारी चंद्रकला! गिऱ्हाईक दारात आणि बाईचा पत्ता नाही."

ह्यांचा पेपर थरथरायला लागला. मागून आवाज आला, "अगं, हात तिचेच ना?"

देवा गणराया! पिठाच्या हातांनी, अनवाणी जिना उतरले. स्कूटर निघालीच होती. "भाई, ऊभा रहो! हुं ज चंद्रकला!"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बेन, पाक्कुं ने?"

"एकदम पाक्कुं!"

लाडू गेले. संध्याकाळी देवापुढे पेढा ठेवला, मग मी खाल्ला.

"आता तरी सुरत फराळ कर," हे म्हणाले.

"नाव एकदा बदललंत तेवढं पुरे. आता बदलणार नाही!"

आणि नाहीच बदललं. फक्त रोज गणपतीच्या नावाची माळ झाली, की एक चंद्रकलेच्या नावाची जपते. पुन्हा कुणी विचारलं, तर लक्षात राहायला नको?